पहिलं भांडं, शेवटचा टाका

दसरा उलटला की नाशिकच्या कॉलन्यांमधली कपाटं उघडतात आणि डांबरगोळ्यांचा वास जिन्यांतून खाली उतरतो. सकाळच्या पाण्याला थोडा गारठा आलेला असतो, दुपारचं ऊन मात्र टाळूत खिळे ठोकतं. गच्च्यांवर गाद्या, कठड्यांवर गोधड्या, दारोदार पालथी घातलेली पिंपं. या दिवसांत लोकांना फराळ आठवतो, किल्ले आठवतात. मला माझी मान आठवते. टोपलीच्या ओझ्याखाली मानेचा खालचा मणका ज्या जागी दुखायचा, ती जागा अजून दरवर्षी याच दिवसांत जागी होते.

आता माझं सिडकोत भांड्यांचं दुकान आहे. पाटीवर माझं नाव आहे, बसायला गादी आहे, डोक्यावर पंखा आहे. पण एखादी बाई बोचकं घेऊन येते, "जुन्यावर काही देता का हो?" विचारते, बोचक्याची गाठ सुटते, तो वास येतो, आणि मी दुकानात राहत नाही. कॉलेज रोडच्या मागच्या एका इमारतीच्या जिन्यात उभी असते, दहा-अकरा वर्षं मागे. डोक्यावर टोपली, कान वरच्या मजल्याकडे. तिथून मला अजून कोणी खाली उतरवलेलं नाही.

मी बोहारीण होते. जुने कपडे घ्यायचे, बदल्यात स्टीलची भांडी द्यायची. मग ते कपडे निवडायचे, धुवायचे, उसवायचे, शिवायचे आणि बुधवारी गोदाकाठच्या बाजारात घेऊन बसायचं. माझ्या लेकीचे, संगीचे, वडील ती दोन वर्षांची असताना गेले, तेव्हापासून हेच. चौथी शिकलेल्या बाईला या धंद्याने जे शिकवलं ते कुठल्या शाळेने शिकवलं नसतं. चांगल्या कापडाला कधी चांगलं म्हणायचं नाही. दुसरी वस्तू हातात आल्याशिवाय आपली हातातून सोडायची नाही. आणि अडलं की उठायचं.

उठणं हीच सगळी विद्या. "राहू द्या ताई, नाही जमायचं" म्हणून टोपली डोक्यावर घ्यायची आणि जिना उतरायला लागायचं. पण सावकाश. पहिल्या वळणावर थांबून भांडी उगाच खळखळवायची. म्हणजे वरच्या बाईला कळतं की हातातून काय चाललंय. दुसरं वळण यायच्या आत वरून हाक येतेच, "ए बाई, थांब गं, ये वर." त्या हाकेत आपल्याला हवा असलेला सौदा असतो. खाली उतरणारी बाई खरं तर जातच नसते, हे तिला माहीत असतं आणि वरच्या बाईलाही. पंधरा वर्षं मी जिने उतरले. हाक आली नाही असं किती वेळा झालं, ते एका हाताच्या बोटांवर सांगता येईल.

आम्ही पंचवटीच्या बाजूला एका खोलीत राहायचो. सकाळी दारात बसून मी टोपली भरायची. डब्यात डबा, त्यात वाटी, शेजारी पातेलं, पातेल्यात तपेली. भरण्यालाही अक्कल लागते. वजन मधोमध हवं, चढताना काही सरकता कामा नये, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरणारं भांडं वर दिसायला हवं. संगी तेव्हा नववीत होती. दिवाळीच्या आधीचे दिवस, सहामाही परीक्षा नुकतीच संपलेली, आणि ही माझ्या समोर बसून चार वाट्यांशी खेळतेय. एक आत घाल, बाहेर काढ, दोन शेजारी ठेव, परत आत घाल.

"संगे, शाळेला उशीर होतोय."

"आई, तीन वाट्या पाच तऱ्हांनी ठेवता येतात. चार वाट्या चौदा."

"मला तीनच तऱ्हा माहीत आहेत. पडणारी, न पडणारी आणि गिऱ्हाइकाला भुलवणारी."

"तसं नाही गं. कोण कोणाच्या पोटात आणि कोण कोणाच्या शेजारी, एवढंच बघायचं. लहान-मोठं लागेल तसं भांडं मिळेल असं समज."

मी समजले नाही. पण तिने माझ्यापुढे तीन वाट्या मांडून दाखवल्या. तिन्ही ओळीने शेजारी. तिन्ही एकीत एक. एकीच्या पोटात दोघी शेजारी. डावीकडे जोडी आणि उजवीकडे एकटी. डावीकडे एकटी आणि उजवीकडे जोडी. सहावी तऱ्हा काढून दाखव म्हणाली. मला वाद घालायला आवडतं, म्हणून मी टोपली भरायची सोडून सहावी शोधत बसले. सापडली नाही.

दोन दिवसांनी संगी माझे पाय चेपत बसली होती. तिला म्हणाले, "आज नुसतं वर-खाली, वर-खाली. एका बाईने पहिल्यावर बोलावलं, खाली आले, दुसरीने दुसऱ्यावर, मधेच एक पहिल्यावर, परत वर." संगीने माझा पाय सोडला आणि कागदावर डोंगर काढायला लागली. एक मजला वर म्हणजे चढती रेघ, एक मजला खाली म्हणजे उतरती. सुरुवात जमिनीवर, शेवट जमिनीवर, जमिनीच्या खाली जायचं नाही. तीन वेळा चढायचं आणि तीन वेळा उतरायचं असेल तर डोंगर किती प्रकारचे? पाच. चार वेळा चढायचं असेल तर? चौदा.

"भांड्यात शिरलं की एक मजला वर," ती म्हणाली, "भांड्यातून बाहेर आलं की एक मजला खाली. तू दिवसभर भांडीच मांडत होतीस आई, पायांनी."

मी हसले. ती हसली नाही. तिच्या कपाळावर अशी एक आठी होती जी मी फक्त जरीचा काठ खरा की खोटा बघणाऱ्या बायकांच्या कपाळावर पाहिलेली.

तिसरी गोष्ट गोधडीतली. साड्यांचे पट्टे ओळीने लावून मी एकमेकांना जोडायची. पट्ट्यांची ओळ बदलायची नाही, कारण रंग जमवलेले. पण कोणते दोन आधी जोडायचे, मग ती जोडी कोणत्या जोडीला, हे आपल्या मनावर. संगीने ते मोजलं. चार पट्टे, पाच तऱ्हा. पाच पट्टे, चौदा. इथे मात्र ती अडली. जिना आणि भांडी एकच, हे दिसत होतं. गोधडीत काही आत नाही, बाहेर नाही, वर नाही, खाली नाही. मग तिथे हेच आकडे कशाला येऊन बसले? चार दिवस पोरगी नीट जेवली नाही. मी तिला दोन रट्टे दिले, ते आता आठवलं की हात कापावासा वाटतो.

पाचव्या दिवशी सकाळी ती मला टोपली भरू देईना. "आई, पहिलं भांडं उचल." उचललं. "आता उरलेली भांडी दोनच जागी असू शकतात. ह्याच्या पोटात, नाही तर ह्याच्या उजवीकडे. पोटातल्यांची मांडणी वेगळी, उजवीकडच्यांची वेगळी, दोन्ही तऱ्हांचा गुणाकार. बरोबर? आता गोधडीचा शेवटचा टाका बघ. शेवटच्या जोडाच्या डावीकडे काही पट्टे, उजवीकडे काही. डावीकडचे कसे जोडले ते वेगळं, उजवीकडचे कसे ते वेगळं. पहिलं भांडं आणि शेवटचा टाका एकच काम करतात. मोठ्या प्रश्नाचे दोन लहान प्रश्न करतात. तेच प्रश्न, फक्त लहान."

चार भांड्यांचं गणित तिने वहीत लिहिलं होतं. पहिल्याच्या पोटात काही नाही आणि शेजारी तीन, म्हणजे एक गुणिले पाच. पोटात एक, शेजारी दोन, म्हणजे एक गुणिले दोन. पोटात दोन, शेजारी एक, दोन गुणिले एक. पोटात तिन्ही, शेजारी कोणी नाही, पाच गुणिले एक. पाच, दोन, दोन, पाच. चौदा. पाच भांड्यांचे बेचाळीस.

मी तिथेही घासाघीस केली. "पोटात काही नाही त्याला एक कशाला धरतेस? काही नाही म्हणजे शून्य."

"रिकामं ठेवायची पण एक तऱ्हा असतेच ना आई. शून्य धरलंस तर सगळंच जातं."

हे सगळं मला तेव्हा कळलं असं मी म्हणणार नाही. मग पुढे चाळिशीत सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी झाले तेव्हा ती वही घेऊन बसले, तेव्हा कळलं. तेव्हा कळून उपयोग नव्हता.

कॉलेज रोडच्या मागच्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सोमण सर राहायचे. कॉलेजात गणित शिकवायचे. त्यांच्या बाई, मी त्यांना ताई म्हणायची, माझं जुनं गिऱ्हाईक. पक्क्या. त्यांच्याशी सौदा करताना मला मजा यायची. एके दिवशी ताईंनी एक साडी आणि सरांचा सफारी दारात टाकला होता आणि सर आत खुर्चीवर पेपर तपासत होते.

"ह्या पैठणीसारख्या साडीवर तू मला वाटी दाखवतेस?" ताई म्हणाल्या.

"पैठणीसारखी आहे ताई, पैठणी नाही. काठ पाण्यात घातला की रडेल."

"मग तो खालचा झाकणाचा डबा काढ."

"खालचा काढायचा तर सगळा संसार उपसावा लागतो. पाच भांडी आहेत. माझी पोरगी म्हणते पाच भांडी बेचाळीस तऱ्हांनी बसतात. त्यातली ही एकच पडत नाही."

आतला लाल पेनाचा आवाज थांबला. सर दारात आले. "किती म्हणालात?"

"बेचाळीस."

"आणि सहा भांडी?"

"ते तिला विचारावं लागेल."

"विचारून या," सर म्हणाले. त्या सगळ्या इमारतीत मला 'तुम्ही' म्हणणारा हा एकच माणूस होता. त्या 'तुम्ही'नेच पुढे घात केला, असं मला कधी कधी वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले ती वही घेऊनच. संगीने वहीला घरच्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलं होतं. "एकशे बत्तीस," मी दारातूनच सांगितलं. सरांनी वही उघडली. उभ्यानेच वाचायला लागले. मग बसले. ताईंनी ठेवलेला चहा निवला, त्यावर साय धरली. एकदा मागचं पान काढून पुन्हा वाचलं. मग ताईंना म्हणाले, "अगं, ह्या मुलीने नुसतं मोजलेलं नाही. कारण दिलंय."

"कसलं कारण?" ताई म्हणाल्या. त्यांचं लक्ष डब्याकडे होतं.

सर माझ्याकडे वळले. त्यांचे शब्द मी तेव्हापासून जसेच्या तसे सांभाळलेत. "हे जुनं आहे. जगाला माहीत आहे. ज्यांची मोजणी ह्याच आकड्यांनी होते अशी कितीतरी उदाहरणं पुस्तकांत आहेत. पण नववीतल्या मुलीनं ते कोणी न सांगता शोधावं, आणि तिन्ही गोष्टी आतून एकच का, ते लिहावं, हे मी माझ्या नोकरीत पाहिलेलं नाही."

आता माझं काय झालं ते सांगते. मी दिवसभर काय म्हणत फिरते? 'जुनी आहे हो ताई, विरलेली आहे, बाजारात अशा ढिगाने पडल्यात.' असं म्हणताना हात मात्र त्या साडीवरून काढत नाही. माल हवा असला की माणूस आधी तो जुना आहे म्हणतो. सरांचं पहिलं वाक्य मी ऐकलं आणि त्यांचा वहीवरचा हात बघितला, आणि मला वाटलं, मी हा बाजार ओळखते.

"पुण्याला माझे एक स्नेही आहेत," सर म्हणाले. "दिवाळीच्या सुट्टीत निवडक मुलांना तीन आठवडे गणित शिकवतात. नववीचीच मुलं घेतात. राहणं-जेवण तिथंच. मी उद्या सकाळी निघतोय. वही ठेवून जा, मी त्यांच्या हातात देतो."

"आणि बदल्यात?"

"बदल्यात म्हणजे?"

"वही तुमच्याकडे राहिली, मग माझ्या हातात काय?" एकदा एका बाईने 'सासूबाईंना दाखवून आणते' म्हणून माझी परात आत नेली होती आणि दार लावून घेतलं होतं. ती परात त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे होती. "तुम्ही लिहून द्या की वही संगीची आहे. आणि तिला घेतीलच, हेही लिहा."

"वही तिची आहे हे लिहून देतो. पण घेतीलच असं मी कसं लिहू? निवड ते करतात."

"मग मी वही कशी सोडू, सर?"

त्यांनी वही मिटली. "तुम्ही आई आहात," ते म्हणाले. "तुमच्या मनात नसेल तर मी आग्रह करणं बरोबर नाही."

मुरलेलं गिऱ्हाईक शेवटचं टोक गाठायच्या आधी असंच मऊ बोलतं. मला वाटलं, आता एकच पायरी राहिली.

मी उठले. "राहू द्या मग सर. नाही जमायचं."

त्यांनी वही दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. दारापर्यंत सोडायलाही आले. मी ती टोपलीत सगळ्यांत वर, दिसेल अशी ठेवली आणि उतरायला लागले. पहिल्या वळणावर भांडी खळखळवली. दुसऱ्या वळणावर टोपली उतरवून चुंबळ सोडली, झटकली, परत बांधली. वरून काही नाही. कोणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. मी आणखी एक मजला उतरले आणि डबा मुद्दाम पाडला. तो सहा पायऱ्या गडगडत गेला. तळमजल्यावर वॉचमनकडे पाणी मागून घोट घोट प्यायले. फाटकाशी जाऊन वर बघितलं तर सर गॅलरीत उभे होते. माझ्याकडेच बघत होते. मी मान वर करून थांबले.

त्यांनी मला नमस्कार केला आणि आत गेले.

मी तिथेच उभी राहून त्यांना मनात जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. नमस्कार कसला करतोस, हाक मार. एक हाक. एवढा शिकलेला माणूस, आणि कोणी पायऱ्या उतरत असेल तर त्याला काय हवं असतं, एवढं कळू नये?

घरी आले तेव्हा संगी उंबऱ्यावर बसली होती. माझं डोकं तापलेलं.

"काय म्हणाले सर?"

"म्हणाले जुनं आहे. जगाला माहीत आहे. पुस्तकांत आहे."

"कारण वाचलं का त्यांनी?"

"वाचलं."

"मग?"

"मग काय, जुनं आहे म्हणाले."

यातला एकही शब्द खोटा नाही. खोटं बोलायची मला गरजच पडली नाही, अर्धं खरं पुरलं. आणि माझ्या मनात होतं की उद्या जाऊ, हाक उशिरा येईल, पण येईल, मग पोरीला सगळं एकदम सांगू. आज सांगून तिला उगाच आशेला का लावा? संगीने वही घेतली. कव्हरची दुमडलेली कड नखाने सरळ केली. मग आत जाऊन भांडी घासायला बसली. संध्याकाळी मी पाहिलं तर टोपली भरून ठेवलेली होती, मला लागते तशी, न पडणाऱ्या तऱ्हेने.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या इमारतीखालून दोनदा ओरडत गेले, "भांडीऽऽय". तिसऱ्यांदा वर गेले. कुलूप. दिवाळी गेली, भाऊबीज गेली, तुळशीचं लग्न लागलं. रोज त्या गल्लीत फेरी. शेवटी एका दुपारी दार उघडं दिसलं. मी टोपली खाली न ठेवताच विचारलं, "सर, आमच्या वहीचं?"

ते गोंधळले. "अहो, मी सकाळच्या गाडीपर्यंत वाट पाहिली तुमची. मला वाटलं मुलीला एकटीला पाठवायला तुमची तयारी नाही. ते वर्ग तर संपले आता."

"पुढच्या वर्षी?"

"नववीचीच मुलं घेतात हो."

"मग हाक का नाही मारलीत?"

"तुम्ही नाही म्हणालात ना."

"नाही म्हणजे नाही असतं का कुठं?" माझा आवाज इतका चढला की खालची-वरची दारं उघडली. "एवढी पुस्तकं वाचलीत, जिना उतरणारी बाई कधी पाहिली नाही का?" आणखीही बरंच बोलले. त्यांच्या बुद्धीला, त्यांच्या 'तुम्ही'ला, त्यांच्या पेनाला. परात फरशीवर आपटली, ती वाकली. ताईंनी सरांना हाताने मागे घेतलं, मला म्हणाल्या, "जा तू आता," आणि दार लावलं. त्या दाराआड माझं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक गेलं, त्याचं काही नाही.

पुढची वर्षं मी या रागावर काढली. राग चांगला असतो, तो दुकान उभं करतो. मी एकेक भांडं जोडत गेले, टोपली सोडली, हातगाडी घेतली, मग गाळा. सरांनी हाक मारली नाही, ही गोष्ट मी मनात इतक्या वेळा घासली की तिच्यात तोंड दिसायला लागलं. आणि एके वर्षी, असेच कपाटं उघडण्याचे दिवस होते, त्यात माझंच तोंड दिसलं.

संगीने दहावीला गणितात पास होण्यापुरते मार्क मिळवले. बाईंनी शाळेत बोलावून विचारलं, हिला झालंय काय? मी म्हणाले, वयात आलीय. वाट्या घेऊन ती परत कधी बसली नाही. मी मुद्दाम तिच्यासमोर भांडी पसरून ठेवायची, तर ती गोळा करून फळीवर लावायची. एकदा मी म्हणाले, "सात भांड्यांचे किती गं?" ती म्हणाली, "आहे ना ते पुस्तकांत." कडवटपणाने नाही. आज भाजी काय आहे हे सांगावं तसं. तिचं लग्न करून दिलं, इगतपुरीला, रेल्वेतला मुलगा, चांगला आहे. ती घरी ब्लाऊज शिवते. तिला एक लेक आहे. सुखी आहे असं सगळे म्हणतात, आणि मी तिच्या तोंडाकडे बघते तेव्हा मला काहीच वाचता येत नाही. जन्मभर लोकांच्या तोंडावरून त्यांचा शेवटचा आकडा ओळखणारी मी.

सरांच्या दारावर आता दुसरंच नाव आहे. मी विचारलं होतं. कुठे गेले कोणाला माहीत नाही. तक्रार करायची तर आता माणूसही उरला नाही.

कधी कधी दुपारी दुकानात कोणी नसतं तेव्हा मी संगीच्या रीतीने मोजू बघते. त्या जिन्याच्या एका बाजूला झालेलं सगळं, दुसऱ्या बाजूला न झालेलं सगळं. वही दिली असती आणि निवड झाली नसती, तरी तिला एवढं कळलं असतं की कोणीतरी तिचं कारण वाचून चहा विसरलं. तेवढं तरी द्यायचं होतं, ते माझ्याच हातात होतं. पुणं नव्हतं माझ्या हातात. सरांची हाक नव्हती. पण सरांचं ते पुढचं वाक्य माझ्याकडे होतं, आणि मी ते अकरा वर्षं धरून ठेवलं. गिऱ्हाईक काही देईल तेव्हा सोडू म्हणून.

यंदा दिवाळीच्या आठ दिवस आधी दुकान बंद करून मी इगतपुरीला गेले. घाटाच्या तोंडाशी धुकं होतं, शेतांत भाताची कापणी चाललेली, ओल्या पेंढ्याचा वास. संगी स्वयंपाकघरात होती. लेक शाळेत गेलेली, जावई ड्युटीवर. मी पिशवीतून वही काढून ओट्यावर ठेवली आणि बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. बसले असते तर सांगितलं नसतं.

ती भाकरी थापत होती. थांबली नाही. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, मग म्हणाली, "तू तेव्हा म्हणालीस, जुनं आहे म्हणाले."

"म्हणाले होते. पण पुढंही म्हणाले."

"परत सांग."

मी परत सांगितलं. शब्दाला शब्द.

"तीन आठवडे?"

"हो."

"नववीचीच मुलं?"

"हो."

तिने भाकरी उलटली. तिच्या कपाळावर ती आठी आली, आणि गेली. "आता का सांगतेस?"

"तुला कळावं म्हणून."

"आई, तू उगाच काही देत नाहीस."

मग मी सुटले. म्हणाले, तू अजून पंचविशीत आहेस, मी चाळिशीत दहावी झाले. नाशिकला कॉलेज आहे, बाहेरून परीक्षा देता येते. लेकीला मी सांभाळीन. दुकान तुझ्या नावावर करते. जावयांशी मी बोलते, सरांना मी शोधून काढते. एकावर एक मांडत गेले, आवाज चढत गेला, समोरचं माणूस दुसरीकडेच बघतंय हे दिसत असताना बोहारीण जशी टोपलीतलं शेवटचं भांडंही बाहेर काढून मांडते तसं. संगीने मला सगळं बोलू दिलं. तव्याखालचा गॅस बारीक केला. हाताचं पीठ परातीत झाडलं आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"हे तू देतेस ते झालं," ती म्हणाली. "मागतेस काय, ते सांग. म्हणजे मला नाही म्हणता येईल."